एअर पिस्तुलाचा ग्रुप पसरतो तेव्हा : पेलेट बदलण्याआधी करायच्या तपासण्या

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते : ‘सर, या वेळचे पेलेट खराब निघाले.’ पेलेट म्हणजे एअर पिस्तुलातून सुटणारी शिशाची छोटी गोळी. या तक्रारीमागे दिसणारी लक्षणे मात्र निरनिराळी असतात आणि त्यांतला फरक ओळखता आला, तर अर्धे काम तिथेच होते. म्हणून हत्याराला हात लावण्याआधी मागच्या दोन-तीन दिवसांचे टारगेट कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावेत आणि पुढीलपैकी नेमके काय घडते आहे, ते शांतपणे पाहावे.

पहिले लक्षण म्हणजे नेम उभ्या रेषेत पसरणे. डावी-उजवीकडची शिस्त टिकलेली असते, पण काही छिद्रे मधल्या दहाच्या कड्याच्या वर आणि काही खाली जातात. दुसरे, ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, घट्टच राहतो पण सगळाच्या सगळा एका बाजूला सरकतो. तिसरे, नऊ नेम एका जागी आणि दहावा एकटाच सात-आठच्या कड्यात, आणि तोही कोणत्याही ठरावीक दिशेने नाही. चौथे, कागदावरचे छिद्र गोल, स्वच्छ कापलेले न दिसता एका कडेने फाटलेले किंवा लांबट दिसणे. पाचवे, सत्राच्या सुरुवातीला सारे ठीक असणे आणि पुढे पुढे नेम खाली उतरत जाणे. या पाचही लक्षणांवर ‘पेलेटची डबी बदला’ हा एकच उपाय सुचवला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, कारण नव्या डबीबरोबर आणखी एक बदल आत शिरतो आणि मूळ दोष झाकला जातो.

हे लेखन १० मीटर एअर पिस्तुलापुरते, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या वॉडकटर (सपाट डोक्याच्या) पेलेटपुरते मर्यादित आहे. परवानाधारक पिस्तुलाची काडतुसे स्वतः भरण्याविषयी विचारणा होत असते. परंतु शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि जवळ पिस्तुलाचा परवाना असणे म्हणजे तो परवाना नव्हे. परदेशी नेमबाज काडतुसासाठी बुलेट निवडताना वजन, व्यास आणि लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) यांचा जो विचार करतात, तोच विचार आपल्याला पेलेट निवडताना करता येतो.

किती पसरला म्हणजे पसरला?

आधी मोजमाप समजून घ्यावे, म्हणजे नसलेला दोष शोधण्यात दिवस जाणार नाहीत. १० मीटर पिस्तुलाच्या टारगेटवर दहाच्या कड्याचा व्यास ११.५ मिलिमीटर आणि आतल्या दहाचा ५ मिलिमीटर असतो. नऊचे कडे २७.५ मिलिमीटरचे. पेलेटच्या कडेचा रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, म्हणून छिद्राचा मध्य टारगेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत दूर असला तरी तो दहाच धरला जातो. सुस्थितीतील स्पर्धेचे पिस्तूल आणि त्याला मानवणारे पेलेट यांची जोडी टेकूवरून (मनगटे वाळूच्या पिशवीवर टेकवून) पाच नेम मारते, तेव्हा ते सारे एकमेकांत मिसळून जवळपास एकच, किंचित मोठे भोक दिसते. तेव्हा टेकूवर एक भोक पडत असेल आणि हातात धरून आठ-सात येत असतील, तर दोष पेलेटमध्ये नाही आणि पिस्तुलातही नाही.

उभ्या पसरण्याचे गणितही साधे आहे. सेकंदाला १५० मीटर वेगाने निघालेला पेलेट १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. तोच वेग १४० झाला, तर घसरण २५ मिलिमीटर होते, म्हणजे ३ मिलिमीटरचा फरक. अंतर्गत कारणाने वेग बदलतो आहे, हे ओळखण्याची खूण हीच : पसरणे उभे असते, आडवे नसते.

ज्यांना एक पैसा लागत नाही त्या तपासण्या

सुरुवात कागदापासून आणि कागद धरणाऱ्या ट्रॉलीपासून करावी. नागपुरात मार्चच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत रेंजवर कूलर लागतात, आणि बहुतेक ठिकाणी कूलरचा झोत नेमबाजांच्या पाठीवर यावा अशी रचना असली, तरी खोलीतून फिरून येणारी हवा टारगेटच्या ओळीपर्यंत पोहोचतेच. दोरीवरची ट्रॉली त्या झोतात हलते. पेलेटवर त्या हवेचा परिणाम नगण्य असतो, पण कागदच हलत असेल तर ग्रुप आडवा पसरणार. पाच मिनिटे कूलर बंद करून पाच नेम मारावेत. फरक पडला तर पुढचे काहीच तपासायची गरज नाही. फाटलेल्या छिद्रांच्या तक्रारीतही आधी कागदच पाहावा. कूलरच्या ओलसर हवेत किंवा आषाढ-श्रावणात उघड्या कपाटात राहिलेला कागद मऊ पडतो आणि वॉडकटरची सपाट कडा तो कापण्याऐवजी फाडते. कागद कोरड्या डब्यात ठेवावेत आणि मागे ताठ पुठ्ठा लावावा. एवढे करूनही छिद्र लांबटच आले, तर पेलेट उडताना डळमळतो आहे असे समजून पुढच्या तपासणीकडे वळावे.

त्यानंतर प्रकाश. सकाळी खिडकीतून येणारे ऊन आणि संध्याकाळचे दिवे यांत फ्रंट साइटच्या (नेम धरण्याच्या पुढच्या खुणेच्या) दोन्ही बाजूंच्या फटी वेगळ्या दिसतात, आणि सगळाच ग्रुप सरकण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते. एकाच प्रकाशात मारलेल्या कागदांचीच आपसांत तुलना करावी.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच टाळली जाते. खुर्चीवर बसावे, टेबलावर वाळूची घट्ट पिशवी ठेवावी, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून मनगटे पिशवीवर टेकवावीत आणि रोजच्याच डबीतून पाच-पाच नेमांचे तीन कागद मारावेत. पिस्तुलाचा हवेचा सिलेंडर किंवा बॅरल (नळी) पिशवीला टेकू देऊ नये, कारण त्यावर दाब आला की नेमाची जागा बदलते. ही तपासणी पिस्तूल आणि नेमबाज यांना वेगळे करते. मानकापूरच्या क्रीडा संकुलात येणारी मुले असोत किंवा वस्तीतल्या छोट्या अकादमीतली, माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच याच टप्प्यावर मिटतात. टेकूवर ग्रुप चांगला आला, तर पिस्तूल जपून ठेवावे आणि कोचकडे जाऊन ट्रिगर, श्वास आणि मनगट यांवर काम करावे. पालकांनी इथे मुलांवर चिडू नये, ही कळकळीची विनंती आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा परीक्षेच्या महिन्यात थकलेला असतो आणि ते कागदावर दिसते.

डबी उघडून पाहणे

टेकूवरही एखादा नेम एकटाच दूर जात असेल, तर आता पेलेटकडे वळावे. पांढऱ्या कागदावर किंवा काचेच्या तुकड्यावर वीस-पंचवीस पेलेट सांडावेत आणि बाजूने टॉर्चचा उजेड टाकावा. पेलेटचे डोके सपाट, कंबर बारीक आणि मागचा स्कर्ट पोकळ, पातळ भिंतीचा असतो. सगळा खेळ त्या स्कर्टचा आहे : मागून आलेली हवा त्याला फुगवून बॅरलच्या खाचांना घट्ट बसवते. स्कर्टची कडा एका बाजूने चेपलेली असेल, तर हवा तिथून निसटते आणि पेलेट बॅरलच्या तोंडातून बाहेर पडताना कलतो. चेपलेला पेलेट काचेवर आडवा ठेवून बोटाने हलकेच ढकलला की अडखळत, थबकत जातो. चांगला पेलेट आपल्या डोक्याभोवती एकसारखा गोल फिरतो. एक पेलेट डोळ्यांजवळ धरून स्कर्टच्या आत पाहावे. कधी कधी तिथे शिशाचा केसाएवढा बारीक कीस चिकटलेला दिसतो. एवढ्याने नेम कड्याबाहेर जाऊ शकतो.

डबी एकदा जरी जमिनीवर पडली, तरी तिच्यातले पेलेट सरावासाठीच ठेवावेत. स्कूटरच्या डिक्कीत डबी तशीच टाकून आणणे हेही तितकेच वाईट, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर पाचशे पेलेट एकमेकांवर आपटत येतात. डबीतल्या रिकाम्या जागेत फोमचा गोल तुकडा घालावा. पेलेटवर पांढरट भुकटी दिसली, तर ते शिशाचे ऑक्सिडेशन आहे. असे पेलेट वापरू नयेत, पुसू नयेत, फुंकरही मारू नये. चांगले पेलेटही साबणाने धुण्याचा उद्योग करू नये. कारखान्यात त्यांवर दिलेला पातळ थर निघून जातो. शिसे विषारी आहे. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, आणि पेलेट तोंडात धरण्याची सवय कोणत्याही मुलाला लागू देऊ नये.

काही जण पेलेट वजन करून निवडतात. इतवारीच्या सराफ्यात वापरतात तसला नाजूक काटा त्यासाठी आणला जातो. स्पर्धेच्या पेलेटचे वजन साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅम असते. त्यात १ टक्क्याचा फरक म्हणजे सुमारे ०.००५ ग्रॅम. उर्जा तीच धरली तर १ टक्का जड पेलेट १ टक्का अधिक खाली उतरतो, म्हणजे २२ मिलिमीटरच्या घसरणीत फक्त ०.२ मिलिमीटर. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर हा फरक दिसणारही नाही, आणि दिसला तरी गुणांत उतरणार नाही. तोच वेळ स्कर्ट तपासण्यात घालवावा.

पाना आणि दाब

तिसरी पायरी अॅलन पान्यांची. आधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करावी, पेलेट घालायचा लिव्हर उघडा ठेवावा आणि सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी) घालावा. ही सूचना माहीत असलेल्यांनीही दर वेळी पाळायची आहे. रिअर साइट दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे अगदी हलके दाबावी. किंचित जरी ‘टिक’ जाणवली, तर ग्रुप सरकण्याचे कारण सापडले. त्यानंतर फ्रंट साइटचा स्क्रू, मुठीचा स्क्रू आणि बॅरल धरणारे स्क्रू पाहावेत. मूठ सैल असेल तर नेम आडवे पसरतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडी मूठ आकसते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून ऋतू बदलताना हा स्क्रू न चुकता पाहायचा. घट्ट करताना मनगटाचा जोर लावू नये. अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की दुरुस्ती पान्याच्या किमतीत होत नाही.

मग सिलेंडरचा दाब. सत्र सरता सरता नेम खाली उतरत असतील, तर नजर प्रथम गेजकडे जावी. आत रेग्युलेटर असतो, तो ठरावीक दाबाची हवा पुढे देतो. पण सिलेंडरमधला दाब मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान पातळीखाली गेला की तोही काही करू शकत नाही. मी मुलांना १०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) खाली जाऊ देत नाही. भरताना मात्र उलटी काळजी हवी. बहुतेक सिलेंडरांची मर्यादा २०० बार असते. २७ अंशांना २०० बार भरलेला सिलेंडर ५७ अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब २२० बार होतो, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये एवढे तापमान सहज गाठले जाते. म्हणून उन्हाळ्यात १८० बारवर थांबावे, सिलेंडर गाडीत ठेवू नये आणि रेंजवर आल्यावर त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर ओल आत जाते, ती रेग्युलेटरपर्यंत पोहोचते आणि गंज धरतो. कोरडी हवा देणाऱ्या मोठ्या टाकीवरून भरणे केव्हाही चांगले.

पेलेट खरोखर बदलायचे असतील तर

इथवर सारे ठीक निघाले आणि तरी टेकूवरचा ग्रुप पसरतो आहे, तरच नवे पेलेट आणण्याचा खर्च करावा. दुकानात ब्रँड विचारण्याआधी जुन्या डबीच्या तळाशी छापलेला लॉट नंबर आणि डोक्याचा व्यास वाचावा. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा आकड्यांत तो दिलेला असतो. तोच ब्रँड, तोच व्यास, पण वेगळा लॉट असेल, तर तो आपल्या बॅरलपुरता वेगळा पेलेट समजावा. ‘गेल्या वर्षी याच कंपनीचे छान चालले होते’ या बोलण्याला फारसा अर्थ राहत नाही. साचे झिजतात, बदलले जातात, आणि तो फरक बॅरलला कळतो.

निवड अशी करावी. दोन किंवा तीन प्रकारांची एकेकच डबी घ्यावी किंवा रेंजवरच्या मित्रांकडून पन्नास-पन्नास पेलेट मागून घ्यावेत. प्रकार बदलला की पहिले वीस नेम मोजू नयेत, कारण बॅरलमध्ये आधीच्या पेलेटचा थर असतो आणि नवा थर बसायला तेवढे नेम जातात. त्यानंतर टेकूवरून पाच-पाच नेमांचे चार कागद मारावेत आणि प्रत्येकावर लॉट, व्यास, दाब लिहून ठेवावे. सर्वांत चांगला एक कागद पाहून निर्णय करू नये. चारांपैकी सर्वांत वाईट कागदावरचा ग्रुप ज्याचा सर्वांत लहान, तो पेलेट निवडावा. स्पर्धेत ६० नेम मारायचे असतात, आणि तिथे गुण वाईट नेमच नेतात.

हलके की जड, हा प्रश्न हमखास येतो. पिस्तुलासाठी सहसा ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे पेलेट वापरतात. हलका पेलेट बॅरलमधून किंचित लवकर सुटतो, त्यामुळे नेमबाजाच्या हाताची हालचाल त्याच्यावर थोडी कमी उमटते. ०.५३ ग्रॅमचे प्रामुख्याने रायफलसाठी विकले जातात, पण एखाद्या पिस्तुलाला तेच मानवले तर न वापरण्याचे काही कारण नाही. वजन बदलले की नेमाची उंची काही मिलिमीटरने बदलते, तेव्हा साइट पुन्हा लावावी लागते. हा दोष समजू नये. पसंत पडलेला लॉट एकदम जास्त घ्यावा. रोज शंभर नेम मारणाऱ्या मुलाला पाचशेची डबी पाच दिवस पुरते, तेव्हा स्पर्धेच्या हंगामासाठी त्याच लॉटच्या काही डब्या बाजूला काढून ठेवाव्यात आणि सरावाला स्वस्त पेलेट वापरावेत. सर्वांत महाग डबी सर्वांत चांगली असतेच असे नाही, हे मी अनेक पालकांना कागद समोर ठेवून दाखवले आहे.

बॅरल, स्ट्रिपर आणि रबरी रिंग

सफाईबाबत माझे मत स्पष्ट आहे : एअर पिस्तुलाच्या बॅरलचे नुकसान मळापेक्षा सफाईनेच जास्त होते. या वेगाला शिसे फारसे साचत नाही. फेल्टच्या दोन-तीन गोळ्या लोडिंगच्या बाजूने आत घालून हवेने सोडाव्यात; पहिली काळी, शेवटची राखाडी निघाली की थांबावे. लोखंडी ब्रश, घरातली शिलाई मशीनची तेले आणि पेट्रोल या तिन्ही गोष्टी बॅरलजवळ नकोत. सफाईनंतरचे वीस नेमही हिशेबात धरू नयेत.

बॅरलच्या पुढे बसवलेला, पेलेटमागची हवा बाजूला वळवणारा एअर स्ट्रिपर किंवा कॉम्पेन्सेटर मात्र काढून पाहावा. त्याच्या भोकाच्या कडेला शिशाचा चकचकीत ओरखडा दिसला, तर पेलेट त्याला घासून जातो आहे. लांबट छिद्रे आणि दिशाहीन भरकटलेले नेम यांचे हे खात्रीचे कारण. तो सैल बसल्याने असे झाले असेल, तर नीट सरळ बसवून पुन्हा टेकूवर तपासावे.

उभ्या पसरण्यासाठी शेवटची घरची तपासणी : टिश्यू पेपरची बोटभर पट्टी लोडिंग गेटच्या (पेलेट घालायच्या जागेच्या) फटीवर हलकी ठेवून, टारगेटच्या दिशेने, नेहमीप्रमाणे पेलेट घालून एक नेम मारावा. पट्टी उडाली, तर तिथली रबरी ओ-रिंग हवा सोडते आहे. मूळ मापाची रिंग मिळत असेल, तर लाकडी टूथपिकने जुनी काढून नवी बसवता येते. सुईने काढू नये, कारण खोबणीला ओरखडा गेला की नवी रिंगही टिकणार नाही. जवळच्या मापाची रिंग हार्डवेअरच्या दुकानातून आणून बसवणे टाळावे.

इथे थांबावे

याच्या पुढे हात घालू नये, आणि हे मी सावधगिरीची औपचारिकता म्हणून लिहीत नाही. रेग्युलेटर, फायरिंग व्हॉल्व्ह आणि सिलेंडरचा वरचा भाग यांत शेकडो बारचा दाब असतो; दाब पूर्ण सोडल्याशिवाय तो भाग उघडणाऱ्याचे डोळे आणि बोटे धोक्यात येतात. सिलेंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. १० वर्षे उलटून गेली असतील, तर तो भरूच नये, मग गेज कितीही व्यवस्थित दिसो. बॅरलच्या तोंडाची कडा चेमटलेली दिसली, ट्रिगर कधी हलका तर कधी जड लागला, तर स्वतः कानस किंवा पाना चालवू नये. नियमानुसार ट्रिगरचे वजन किमान ५०० ग्रॅम असावे लागते आणि घरी केलेली छेडछाड तपासणीच्या टेबलावर उघडी पडते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात बॅटरी बदलण्यापलीकडे जाऊ नये. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाची मिनिटे गेली. त्या स्तरावरच्या हत्याराचेही असे होऊ शकते, तेव्हा स्पर्धेच्या किमान महिनाभर आधी पिस्तूल प्रशिक्षित आर्मररच्या (हत्यारे तपासून दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) नजरेखालून घालावे.

आर्मररकडे जाताना ‘ग्रुप येत नाही’ एवढेच सांगू नये. टेकूवरून मारलेले, तारीख घातलेले कागद, ज्या डबीतून मारले ती डबी, त्या वेळचा दाब, आतापर्यंत काय काय बदलले त्याची यादी आणि पिस्तुलाबरोबर आलेले कारखान्याचे टेस्ट कार्ड (तिथे मारून पाहिलेल्या नेमांचा कागद) सोबत न्यावे. पिस्तूल कुरिअरने पाठवायचे असेल, तर सिलेंडर काढून, त्यातली हवा सोडून, तो वेगळा बांधावा.